तेरा वर्षांची गाडी घेऊन भिलाईला

गाडी वाटेत बंद पडली, तर परत आल्यावर विकायची. ही अट माझ्या मुलाने, निखिलने घातली आणि मी निघायच्या घाईत ती मान्य केली. इतक्या सहज हो म्हटलं याचं त्यालाही आश्चर्य वाटलं असावं. पण भिलाईच्या मराठी मंडळाच्या बायकांनी दोन दिवसांच्या प्रदर्शनात टेबल दिलं होतं, मसाल्याचे डबे भरून तयार होते, आणि त्या क्षणी मला फक्त दारातून बाहेर पडायचं होतं.

अट गाडीची असली तरी ती माझ्यासाठी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमचे हे बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन टीव्हीसमोर बसले त्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले आणि व्हॅन घेतली. तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. तेव्हापासून संगमनेरचे मसाले, पापड आणि कुरडया घेऊन मी सोलापूर, इंदूर, बेळगाव सगळीकडे फिरले. व्हॅन विकली की माल ट्रान्सपोर्टने जाणार आणि मी घरी बसणार, असा निखिलचा हिशेब. 'आई, आता वय झालं' हे तो गाडीबद्दल बोलतो आहे की माझ्याबद्दल, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलंही नाही, कारण उत्तर आवडलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नव्हती. तीन महिने गाडी पाणी पीत होती. दर शंभरेक किलोमीटरला थांबून, इंजिन गार करून रेडिएटरमध्ये बाटली ओतावी लागे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मंगलला मी दम भरला होता, की घरी एक शब्द बोलायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

देवरीच्या पुढे

नागपूरपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सरळ रस्ता, आणि मागून हॉर्न देणारे लोक. खरा प्रवास भंडारा सोडल्यावर सुरू झाला. आम्ही जानेवारीत गेलो. धान कापून झालेलं, आणि त्याच ओलीवर टाकलेली लाखोळी फुललेली. गुडघ्याच्याही खाली, निळसर फुलांची, बांध्याच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, भरून. आमच्याकडे ऊस संपला की रान उघडं पडतं. इथे एका पिकाच्या पायाशी दुसरं आधीच पेरून ठेवतात. मंगल म्हणाली, "ही माणसं जमिनीला बसूच देत नाहीत." मंगलला हे पसंत नव्हतं, मला होतं.

साकोलीनंतर इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. देवरीच्या पुढचा जंगलाचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये, हीटर पूर्ण चालू ठेवून काढला. हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत येते आणि काटा जरा उतरतो, ही माझी जुनी युक्ती. मंगल पदराने वारा घेत होती आणि मोठ्याने मारुतिस्तोत्र म्हणत होती. तेवढ्यात निखिलचा, दर प्रवासात येतो तसा, फोन आला.

"काटा कुठे आहे?"

"जिथे असायचा तिथे."

"मधे मधे थांबत जा."

"थांबतोय ना. चहा पितोय."

संगमनेरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं.

राजनांदगावला एका टपरीवर फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाच्या बोटभर लांबीच्या उकडलेल्या वळकट्या, वर तीळ आणि मिरचीची फोडणी. सोबत टोमॅटोची चटणी. आमच्या उकडीच्या शेंगोळ्यांची ही छत्तीसगडी मावशी म्हणायला हरकत नाही, फक्त मावशीचा स्वभाव मऊ आहे. टपरीवाल्या बाईने दुसऱ्यांदा न विचारता वाढलं. मी बाटलीत पाणीही तिच्याकडूनच भरून घेतलं, रेडिएटरसाठी.

खुर्सीपार

आमची राहायची सोय मंडळाच्या रुक्मिणीबाई कापगते यांच्या घरी होती. दोन पिढ्यांपूर्वी साकोलीकडून शेती सोडून आलेलं घर. भिलाईच्या सेक्टरांमधले रस्ते रुंद, झाडं मोठी, क्वार्टर ओळीने. पावर हाउसचा बाजार ओलांडून खुर्सीपारला आलं की रस्ता एकदम निम्मा होतो. दारात सायकली, दुकानं, वाळत घातलेले कारखान्याचे निळे कपडे. मी आरसे मिटून गाडी गल्लीत घातली आणि पहिल्याच प्रयत्नात दारापुढे लावली. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिते.

रुक्मिणीबाईंचे यजमान वासुदेवराव ओट्यावर बसले होते. पोलाद कारखान्यातून, इथल्या भाषेत प्लांटमधून, फिटर म्हणून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीच्या आतबाहेरचे, उजवा पाय जरा ओढत चालतात. सगळे त्यांना भैया म्हणतात. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी ते म्हणाले,

"ताई, बंद नका करू. चालू राहू द्या."

ते बॉनेटजवळ आले, मान तिरकी करून ऐकलं आणि हात धुवायला निघाले.

"वाटर पंपाचं बेरिंग गेलं. पानी बी गळून राहिलं असन."

"गाडी उत्तम आहे," मी म्हटलं. "संगमनेरहून आलीय."

"आली ना. आली म्हनून तं सांगून राहिलो."

"तुम्ही न उघडता कसं सांगता?"

"पस्तीस वरसं पंपच ऐकले जी. कावून लपवता?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परका माणूस, ओळख पाच मिनिटांची, आणि माझ्याच गाडीपुढे मला खोटं पाडतो. रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या, "आधी जेवाले बसा, मंग भांडा." जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे, भात आणि लाल भाजी. वडे असे होते की भांडण राहूनच गेलं.

सुपेला, रविवार सकाळ

सुपेल्याला, चौकापासून थोडं आत, पत्र्याची एक शेड आहे. दर रविवारी सकाळी आठ वाजता तिथे आठ व्हॅनमालक जमतात. कोणी ठेकेदाराची माणसं शिफ्टला नेतं, कोणी भाजी, एक बाई शाळेची मुलं. छत्तीसगडी, तेलुगू, मराठी, सगळे. प्रदर्शन अकराला होतं आणि भैयांनी "येऊन तं पाहा" म्हटलं, म्हणून माल भरलेली व्हॅन घेऊनच आम्ही गेलो.

मला वाटलं होतं की माणसं हातात पाने-हातोड्या घेऊन बसली असतील. तर तिथे वहीवाचन चाललेलं. प्रत्येक गाडीची एक वही, आणि मालकाने उभं राहून आठवड्यात काय बिघडलं ते वाचायचं. नुसतं बिघडलेलं नाही, स्वतः काय चुकलं तेही. संतोष साहू नावाचा दणकट माणूस, याची गाडी माल वाहते, उठून म्हणाला, "क्लच प्लेट. गाडी की गलती नहीं, मेरी आदत खराब है. पैर पेडल पे रखके चलाता हूं." शाळेच्या व्हॅनवाल्या बाईने वाचलं, की मागच्या दाराचं कुलूप नीट बसत नव्हतं आणि दोन दिवस तिने दोरी बांधून मुलं नेली. कोणी हसलं नाही, कोणी 'अरेरे' केलं नाही. भैयांनी विचारलं, "आता?" ती म्हणाली, "नया लगाया." पुढची वही.

"हे प्लांटचं हाय," भैया मला म्हणाले. "तिथी अपघात झाला तं लिहाचंच. पन होता होता राह्यला, थे बी लिहाचं. लिहिनाऱ्याले कोनी बोलाचं नाई. लपवनाऱ्याले बोलाचं."

आमच्या टेम्पो स्टँडवर कोणालाही विचारा. लाखभर किलोमीटर झाले, पाना लावला नाही, असंच सांगेल. लोखंडाच्या यंत्राला वर्षानुवर्षं काही झालं नाही हे सांगण्यात आपल्याला कसला मोठेपणा वाटतो, कोण जाणे. गाडीची निगा राखणं म्हणजे तिच्यात खोट आहे असं कबूल करणं, असा आपला समज. मीही त्यातलीच. 'एकदाही दगा दिला नाही' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं, की ते खोटं झालं तेव्हा मला बदलता येईना.

शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणीला मान द्यायचा म्हणून. भैयांनीही पाहिलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गाडी उत्तम आहे."

मंगल बाहेर जाऊन उभी राहिली.

तिथून निघाले आणि सुपेला चौकात, चारही बाजूंनी ऑटो, मध्ये मी, गाडीच्या नाकातोंडातून वाफ निघाली. काटा लालमध्ये. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागचा ऑटोवाला हॉर्नवरून हात काढीना. मी खाली उतरून त्याला विचारलं, की हॉर्न वाजवून इंजिन गार होतं का, होत असेल तर खुशाल वाजव. मग मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. वाफेमुळे नाही. विकली गाडी, एवढंच डोक्यात येत होतं. आता मी घरी बसणार, आणि सून मला दुपारी दोन वाजता औषधाची आठवण करणार.

साहू आणि आणखी दोघे धावत आले. त्यांनी व्हॅन ढकलून शेडमध्ये नेली, आमचे डबे साहूच्या गाडीत चढवले आणि अकराला दहा कमी असताना आम्हाला हॉलवर सोडलं. मघाशी खोटं बोललीस, असं एकानेही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

दोन दिवस हॉलमध्ये

प्रदर्शन छान झालं. काळा मसाला पहिल्याच दिवशी निम्मा उठला. एक मुलगी डबा हुंगून म्हणाली, "आंटी, ये ज्यादा तीखा तो नहीं है ना?" तिची आजी मागून पुढे आली, "तिले काय इचारतं, मले दे," म्हणत तिने चिमूटभर तळहातावर घेऊन चाटला आणि दोन डबे उचलले. नातीला मराठी येते, पण फक्त घरात, दार लावल्यावर, असं आजीनेच सांगितलं. आजीचं म्हणणं असं, की दारामागे का होईना, बोलते ना.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी शेडवर गेले. व्हॅनच्या स्टिअरिंगला लाल पत्र्याचा एक तुकडा तारेने अडकवलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: काम चालू आहे, वासुदेव. भैया खाली झोपून पंप सोडवत होते.

"हा टॅग लावला की गाडी कोनी चालू कराची नाई," ते खालूनच म्हणाले. "ज्यानं लावला त्यानंच काढाचा."

पंप, गॅस्केट आणि बेल्ट पावर हाउसच्या बाजारातून आले. सोमवारी संध्याकाळी काम संपलं. इंजिन अर्धा तास चालवून पाहिलं. मला तो आवाज ऐकून कळलं, की मागचे तीन महिने मी काय ऐकत होते. भैया म्हणाले, "रातभर उभी राहू द्या. सकाळी खाली थेंब नाई दिसला तं टॅग काढतो, तुमी निघा."

मंगळवारी दहाला निघायचं ठरलं. नागपूरला बुधवारी सकाळी दुसरं टेबल होतं, आणि अंधार पडल्यावर मी गाडी चालवत नाही. डोळे दगा देतात. हेही निखिलला माहीत नाही. म्हणजे नव्हतं.

टॅग

मंगळवारी सकाळी उठले तर भैया घरात नाहीत. राजनांदगावला बहिणीच्या नातवाचं बारसं, पहिल्या बसने गेले. फोन चार्जिंगला, घरातच.

"गाडीची चावी शेडमंदी खिळ्याले असन," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "जा तुमी खुशाल."

शेडवर साहू होता. गाडीखाली जमीन कोरडी ठणठणीत. चावी खिळ्याला. बॉनेट बंद, पाना-हातोडी पेटीत. आणि स्टिअरिंगवर लाल टॅग तसाच.

"काढा तो," मी साहूला म्हटलं.

"दीदी, भैया का टैग है. भैया निकालेंगे."

"ते विसरलेत. काम झालंय. तुम्ही काल बघितलंत."

"हां, देखा."

"मग गाडी माझी आहे ना?"

"गाडी आपकी है. टैग भैया का है."

मी खूप बोलले. मराठीत, हिंदीत, दोन्ही मिसळून. तुमचा पत्र्याचा तुकडा मोठा की माझं काम मोठं, बारशाला गेलेल्या माणसासाठी चांगली गाडी दिवसभर बांधून ठेवायची ही कुठली रीत, पोळी आधीच भाजून झालीय आणि तुम्ही तव्याखालची आग विझायची वाट बघताय, असं बरंच. साहू ऐकत होता. शाळेच्या व्हॅनवाली बाई मुलं सोडून आली, तिनेही ऐकलं आणि मान हलवली. नाही म्हणून. मी खिळ्यावरची चावी घेतली आणि सीटवर जाऊन बसले. मला कोणी अडवलं नाही. मंगल शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काढा ताई. जाऊ." मी तारेला हात घातला.

साहू उठला, पेटीतून त्याची स्वतःची जुनी वही काढली, एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरात चार ओळी होत्या. जल्दी में था. टैग मैंने निकाला. गाडी पीछे लुढकी. भैया नीचे थे.

भैयांचा ओढत टाकलेला पाय मी तीन दिवस बघत होते. वयामुळे असेल असं धरून चालले होते. आणि हा माणूस दर रविवारी त्याच भैयांसमोर उभा राहून वही वाचत होता, आणि तेही शेजारी बसून ऐकत होते.

मी खाली उतरले आणि चावी खिळ्याला लावली. राग गेला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. आज गाडीखाली कोणी नव्हतं, हे मला दिसत होतं आणि साहूलाही दिसत होतं. तरी मी थांबले, कारण त्या पानानंतर तारेला हात लावणं मला जमलं नसतं.

बाराला निखिलचा फोन आला. "कुठपर्यंत पोचलात?" मी म्हटलं, "निघतोच आहोत." इतकं खोटं मी नवऱ्याशीही आयुष्यात बोलले नसेन.

भैया चारला आले, कपाळाला गंध, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. शेडमध्ये मला बघून थबकले. मग गाडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी वाकून गाडीखाली पाहिलं, मग टॅग काढला, आणि मग एक वही मागितली. त्यांची स्वतःचीही वही असते, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं आणि रविवारची वाट न बघता तिथेच वाचलं.

"टॅग काढाले इसरलो. ताईंचा दिवस गेला. उद्याचं टेबल बी गेलं. चूक माझी."

"अहो, असू द्या," मी म्हटलं.

"असू द्या कावून? झाली ना चूक?"

मला आयुष्यात कोणी माझ्या गेलेल्या दिवसाबद्दल असा लेखी जबाब दिला नव्हता. ना सासरच्यांनी, ना बँकेने. मी त्यांच्याकडून पेन घेतलं. एक कोरी वही साहूने आणून दिली, तिच्यावर माझ्या गाडीचा नंबर टाकला. तीन महिने पाणी ओतत होते, असं मी लिहिलं. घरी सांगितलं नाही. इथे विचारलं तेव्हा खोटं बोलले. चौकात बंद पडली. मग उभं राहून वाचलं. साहू म्हणाला, "अब?" मी म्हटलं, "अब पंप नया है."

त्या संध्याकाळी रुक्मिणीबाईंनी आम्हाला सुपेल्याला गुपचूप खायला नेलं. म्हणजे आपली पाणीपुरी. मंगलने अठरा खाल्ली, आणि पाणी आपल्याकडच्यापेक्षा फिकं आहे अशी तक्रार प्रत्येक पुरीमागे केली.

घरी

बुधवारी सकाळी निघालो. नागपूरचं टेबल गेलं ते गेलं. देवरीचा तोच चढ, आता उतार, काटा मध्यावर. जाताना मी काट्याकडे बघायला घाबरत होते. येताना तो काहीच करत नाही हे बघायला मला मजा येत होती. बाटली सीटखाली भरलेलीच राहिली.

गुरुवारी दुपारी संगमनेरला पोचलो. निखिल दुकानातून घरी आलेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"काही त्रास?"

मी वही त्याच्या हातात दिली. तो उभ्याउभ्या वाचत होता. मंगल हळूच डबे उतरवायला गेली. आमचे हेही टीव्हीचा आवाज कमी करून बाहेर आले.

"म्हणजे बंद पडली," निखिल म्हणाला.

"पडली. भर चौकात."

"आणि तीन महिने तू मला..."

"खोटं सांगत होते. तुझ्या अटीला भ्याले म्हणून."

"मग अट?"

"अट मोडली. गाडी विकत नाही, आणि घरी बसत नाही."

मला वाटलं, आता तो ओरडेल. त्याने वही मिटली आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "पुन्हा पडली तर?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं फोनवर तो काटा विचारत नव्हता, मी ठीक आहे का ते विचारत होता.

"पडेलच पुन्हा," मी म्हटलं. "यंत्र आहे. तेव्हा कुठे उभी आहे, काय झालंय, ते तुला पहिल्या मिनिटाला फोन करून सांगीन. आणि दुरुस्त झाली की पुढे जाईन."